अद्भुतिका लिहिणाऱ्याचा विनोदी परिचय : मसुदा सोलून द्या

सड्यावरचा_सडाफटिंग

नमस्कार मंडळी. पहिली कादंबरी छपाईला जातेय. अद्भुतिका आहे, साडेतीनशे पानं, नकाशासकट. प्रकाशकांना लेखक-परिचय तीन मापांत हवाय : पुस्तकाच्या आतल्या घडीवर, दिवाळी अंकात एक प्रकरण येतंय त्याच्या खाली, आणि प्रकाशनाच्या दिवशी निवेदक वाचणार तो. विनोदी चालेल म्हणालेत. मसुदा असा :

"अमुक तमुक यांना लहानपणापासूनच वाचनाची आवड. इंजिनिअरिंग करून बेकार झाल्यावर त्यांनी लेखन हा बेकारीचा दुसरा मार्ग निवडला (हाहा). त्यांच्या कादंबरीत एक हडळ आहे, एक ड्रॅगन आहे आणि एक तलाठी आहे. सर्वांत भीतीदायक कोण ते वाचकांनी ठरवावं. आषाढी पौर्णिमेच्या मध्यरात्री, ओहोटी लागलेली असताना, ही हडळ पुळणीवरून चालत समुद्रातल्या किल्ल्यावर जाते, भर वादळात गलबताला शीड चढवते आणि सात समुद्रांपलीकडच्या जादुई राज्यात पोहोचते. लेखक भुतांना घाबरत नाहीत, फक्त मुद्रितशोधकांना घाबरतात. सध्या आईवडिलांच्या घरात आणि स्वतःच्या विश्वात राहतात. मांजर नाही, कारण मांजराने नकार कळवला."

मालवण तालुक्यात राहतो, वय तेवीस. आता हाणा.

तिसरी_घंटा

निवेदकाच्या मापाचं आधी सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त माती होते.

कंस ऐकू येत नाही. "(हाहा)" निवेदक एकतर गाळेल किंवा "हाहा" असं सरळ वाचेल, आणि दुसरं घडलं तर पुढची पाच मिनिटं सभागृह तुमच्या नव्हे, त्याच्या तावडीत. कंस, तिरका टाइप, अवतरणचिन्हातला टोमणा, शुद्धलेखनावरची कोटी, हे सगळं डोळ्यांसाठी. ऐकण्याच्या परिचयातून काढून टाका.

मंचावरून वाचताना मिनिटाला एकशेदहा ते एकशेवीस शब्द जातात. लेखकाचा परिचय पाऊण मिनिटापुढे गेला की मागच्या रांगा पाण्याच्या बाटल्या उघडायला लागतात. म्हणजे ऐंशी-नव्वद शब्द, त्यात दोन विनोद. तुमच्या मसुद्यात पाच आहेत. पहिला इंजिनिअरिंगचा, तो सगळ्यांनीच ऐकलाय, त्यामुळे पुढचे चारही शिळेच असणार अशी लोक समजूत करून घेतात.

चांगला एकच : तलाठी. आणि तो तुम्हीच मारलाय. हशा "तलाठी" या शब्दावर येतो. तिथे पूर्णविराम देऊन गप्प बसायचं. तुम्ही मात्र "सर्वांत भीतीदायक कोण ते ठरवावं" म्हणून विनोदाचा अर्थ सांगत बसलात. लोक हसत असताना निवेदक पुढे बोलतो, त्यामुळे हसू तुटतं आणि पुढचं वाक्यही बुडतं. नियम सोपा आहे : ज्या शब्दाने हसू यायचं तो वाक्याच्या शेपटाला, त्यानंतर फार तर एक क्रियापद, आणि मग निवेदकाला श्वास.

आणखी एक. विनोद लेखनाबद्दल माफी मागणारा नको. आडदशावतारात, म्हणजे दशावतारी खेळाच्या सुरुवातीच्या भागात, संकासुर बघा. वेद पळवणारा दैत्य, तरी हशा त्याचाच. तो दैत्य म्हणूनच हसवतो, "मी कसला दैत्य, मी आपला साधा माणूस" असं म्हणून नाही. बेकारी, आईवडिलांचं घर, मांजर, हे सगळं पुस्तकाबाहेरचं आहे. हसवायचं ते पुस्तकाच्या आतून हसवा, म्हणजे ऐकणाऱ्याला माल कुठला आहे तेही कळतं.

उधाण_भांग

विनोदाचं तिसरी घंटा यांनी सांगितलं. मी पाण्याचं बोलतो. पौर्णिमेच्या मध्यरात्री तुमची हडळ पुळणीवरून चालत गेली तर बुडेल.

किनाऱ्यावरचा ठोकताळा : तिथीची पाऊणपट करा, भरती किती वाजता ते मिळतं. तिथी पंधरवड्यातली, एक ते पंधरा, शुद्ध असो की वद्य. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे रात्री सव्वाअकरा ते बाराला भरती, आणि तीही उधाणाची. ओहोटीचा तळ त्यानंतर सव्वासहा तासांनी, पहाटे साडेपाच-सहाला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो. नेमकं हवं तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहा.

मध्यरात्रीच ओहोटी पाहिजे असेल तर अष्टमी घ्या. पण अष्टमीला भांग असतं, पाणी धड भरत नाही नि धड ओसरतही नाही. चालायला वाट मोकळी होईलच असं नाही. शिवाय शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्री मावळतो आणि वद्य अष्टमीला मध्यरात्री उगवतो, तेव्हा पौर्णिमेचं टिपूर चांदणं दोन्हीकडून गेलं.

माझी सूचना : पौर्णिमा ठेवा, मध्यरात्र सोडा. पहाटे साडेपाच. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी लांबवर हटलेलं, आणि पौर्णिमेचा चंद्र मावळतीला, म्हणजे आपल्याकडे नेमका समुद्रावर. किल्ला पुढ्यात काळा, मागे चंद्र, ओल्या वाळूवर त्याचा पट्टा. तुम्ही रचलेल्या मध्यरात्रीपेक्षा हे दृश्य चांगलं आहे, आणि खोटंही नाही.

किल्ला कुठला तेही ठरवा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. मालवणच्या सिंधुदुर्गाला होडीच लागते. कुरटे बेट आहे ते, कितीही पाणी ओसरलं तरी चालत जायची सोय नाही. तुम्ही मालवणचे, त्यामुळे वाचक सिंधुदुर्गच धरून चालणार. कल्पित किल्ला असेल तर नकाशात किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये वाळूचा दांडा दाखवा.

सड्यावरचा_सडाफटिंग

म्हणजे हडळीच्या हातात पंचांग द्यावं लागणार. एक विचारतो : ती किल्ल्यावर पोहोचल्यावर परत यायला किती वेळ आहे? सहाव्या प्रकरणात पाठलाग आहे.

उधाण_भांग

वाट जेमतेम दोन-अडीच तास मोकळी धरा, तळाच्या आधी तास-सव्वा तास आणि नंतर तेवढाच. पाठलाग असेल तर पाणी कसं चढतं ते माहीत हवं. सहा तासांत ते सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. अलिबाग-मुंबईकडे उधाणाला चार मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात फूटभर पाणी येतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात एकदम मीटरभर. तुमचा नायक पहिल्या तासात हसत चालेल आणि तिसऱ्यात गळ्यापर्यंत जाईल. खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे हा फरक निम्म्याच्या आसपास, तिथे एवढं नाट्य मिळणार नाही.

दांडीचो_तांडेल

झिला, भांगान सांगल्यान ता सगळा बरोबर. पण गलबताचा काय? चालत जाण्याइतक्या पाणी गेला म्हणजे किल्ल्याच्या आतल्या अंगाक गलबत चिखलात कलांडलेला आसतला. ता तरंगाक चार-पाच तास व्हये. तवसर जमनीवरची मतलय पडता आणि दर्यावरचो वारो सुटता. मगे शीड चढवून जातलस खय? उलटो किनाऱ्यार येतलस.

गलबत बाहेरच्या अंगाक नांगरून ठेव, ओहोटीच्या तळाक पण दोन-अडीच वाव, म्हंजे बारा-पंधरा फूट, पाणी रवात अशा जागेर. किल्ल्यावरसून होडयेन गलबतार जांव दे. पहाटेक मतलय जमनीवरसून दर्यात व्हावता, त्याच वाऱ्यार शीड भरून भायर पड. मतलय बरी लागता ती थंडयेत. मार्गशीर्षाची नायतर पौषाची पुनव घे.

आषाढाचा नाव सोड. आषाढात होडये वर ओढून चुडतांनी शाकारलेले आसतत. यांत्रिक नौकांक १ जून ते ३१ जुलै सरकारची बंदी, आणि शिडाचे दिवस होते तेव्हा पण नारळी पुनवेक नारळ दिल्याबिगर कोण दर्यात जाय नव्हतो. आषाढात दर्यात गेलेली हडळ दुसऱ्यांदा मरतली.

आडवाटेचा_मुंजा

आता हडळीकडे येऊ. समुद्राशी तिचा संबंध नाही. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते अशी समजूत, आणि ती वावरते वस्तीच्या कडेला, झाडांत, विहिरींवर. तिच्यावर परिचयात कोटी करू नका, असं माझं मत. त्या समजुतीमागे काय आहे ते वाचणाऱ्या बायकांना ठाऊक असतं.

पाण्याच्या काठी माणसाला भुलवून खोलात नेणारा तो गिऱ्हा. तुमच्या प्रसंगाला नेमका बसतो, कारण ओहोटीला चालत आणायचं आणि तिसऱ्या तासात सोडून द्यायचं हे त्याचंच काम. रानात वाट फिरवून माणसाला पहाटेपर्यंत एकाच जागी घोटाळत ठेवतो तो चकवा. मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा, राहायला पिंपळावर. पुरलेल्या धनावर बसलेला समंध. शिकूनसवरून फुकट गेलेला ब्रह्मराक्षस. विनोदाला हा सर्वांत उपयोगी, वाद घालायला कधीही तयार. गावाच्या हद्दीवर फिरणारे देवचार आणि राखणदार ही भुतं नव्हेत, त्यांचा मान वेगळा. त्यांना वर्षाची राखण जाते, नारळ, कोंबडा, जशी वहिवाट असेल तशी. भूत आणि राखणदार यांना एकच मानलंत तर सिंधुदुर्गातला वाचक पुस्तक तिथेच मिटेल. वेताळाचंही तेच. बाहेर तो भुतांचा राजा, पण आरवलीला वेतोबा म्हणून ग्रामदेव आहे, त्याला वहाणा आणि केळीचे घड वाहतात. रात्री फिरून त्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे.

ड्रॅगन कशाला? धनाची राखण करणारा जुनाट साप आपल्याकडे आहेच. आग ओकत नाही, पण त्याला ओलांडून जायला काहीतरी कबूल करावं लागतं, आणि कबूल केलेलं विसरलं की काय होतं यावर कादंबरी उभी राहते. आग ओकणाऱ्याचं काय, त्याला मारलं की काम संपलं.

राहिले सात समुद्र. ते पुराणांत मोजून दिलेत : खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, सुरेचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटी गोड्या पाण्याचा. "जादुई राज्य" हा शब्द रिकामा आहे. तिसरा समुद्र दारूचा आहे म्हटल्यावर तिथे अबकारी खात्याचं नाकं असणार, ही तुमच्या धाटणीची गंमत.

कुडाळचा_निवांत

नाकं नंतर. आधी खलाशी परत येतील का ते बघा.

आबोली_वेंगुर्ला

सड्यावरच्या भावा, "लहानपणापासूनच वाचनाची आवड" हे पहिलं वाक्य काढ. ज्याला आवड नाही तो साडेतीनशे पानं कशाला लिहील?

निवेदकाच्या जागी गाऱ्हाणं घालता येईल, देवापुढे मोठ्याने मागणं मांडतात आणि जमलेले "होय म्हाराजा" म्हणतात तसं. सिंधुदुर्गात कार्यक्रम असेल तरच हं, पुण्यात "होय म्हाराजा" म्हणायला माणसं आयात करावी लागतील. साचा असा :

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्यो तुझो झील साडेतीनशे पानांचो बोजो घेऊन हंयसर उभो रवलो हा, म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"
"तेच्या कान्यामात्रेत खय उणा-अधिक झाला आसात, तर ता पदरात घे, म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"
"आणि जो कोण ह्या पुस्तक फुकट मागीत, तेका घराक जाताना चकवो लागांदे रे म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"

चार गोष्टी सांभाळ. तीन मागण्यांवर थांब, चौथीला आवाज निम्मा येतो. पहिल्या दोन मागण्या गंभीर, गंमत फक्त तिसरीत. "होय म्हाराजा" ओरडायला दोन माणसं आधी सांगून बसव, एक पुढे आणि एक मागे, नाहीतर पहिल्या वेळी कोणी धजत नाही. आणि कुठल्या देवस्थानाचं नाव घेऊ नकोस. गाऱ्हाणं ज्याचा मान आहे तोच घालतो, तू साचा वापरतोयस एवढं दिसायला हवं. छापील परिचयात मात्र हे नको, कागदावर गाऱ्हाणं मुकं होतं.

आचऱ्याची गावपळण तुझ्या पुस्तकात आहे का? काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस नि तीन रात्री वेशीबाहेर राहतं. रिकाम्या गावात त्या तीन रात्री काय होतं, हा प्रश्न आयता पडलाय. असेल तर परिचयात एक ओळ दे, आणि ती गंभीर दे. सगळ्या ओळी हसऱ्या असल्या की एकही लक्षात राहत नाही.

सड्यावरचा_सडाफटिंग

गावपळण आहे, नवव्या प्रकरणात. गाव कल्पित. सुधारलेला मसुदा :

"अमुक तमुक मालवण तालुक्यात राहतात. त्यांच्या पहिल्या कादंबरीत सातपैकी तीनच समुद्र आहेत; तिसरा सुरेचा असल्याने खलाशी पुढे यायला तयार नाहीत. तीन रात्रींसाठी गाव रिकामं होतं आणि वेशीच्या आत कोणीतरी मागे राहतं, तिथून ही गोष्ट वळण घेते. गोष्टीत एक गिऱ्हा, एक राखणदार आणि एक तलाठी आहे. पहिले दोघे नारळावर ऐकतात."

तिसरी_घंटा

आता बरं झालं. "ऐकतात" नंतर एक अक्षरही वाढवू नका. निवेदकाच्या कागदावर तिथे जाड रेघ मारा आणि "थांबा" असं लिहा. तो थांबला नाही तर लगेच "टाळ्यांच्या गजरात" म्हणून मोकळा होईल. "गिऱ्हा" त्याला आधी उच्चारून दाखवा, नाहीतर "गिरहा" म्हणेल. आणि त्याला जोडून दुसरा परिचय देऊ नका, तो दोन्ही वाचतो.

खिळेजुळारी

छापील मापांचं कोणी बोललं नाही. डेमी आकार असेल तर पान साडेपाच बाय साडेआठ इंच, घडी तीन ते साडेतीन इंच. दोन्ही बाजूंनी समास सोडला की ओळीची लांबी अडीच इंचाच्या आसपास उरते. देवनागरीला वर वेलांटी नि खाली उकार असल्याने अकरा पॉइंटच्या अक्षराला पंधरा पॉइंटची ओळ लागते, कमी केलीत तर रफार वरच्या उकाराला धडकतो. फोटो वर टाकून खाली सत्तर-ऐंशी शब्द आरामात बसतात. तुमचा नवा मसुदा त्याच्या बराच आत आहे. शब्द वाढवू नका, जागा मोकळी राहू द्या. अरुंद ओळीत लांब समास टाळा : "अद्भुतरम्यकादंबरीलेखक" असा शब्द आला की आधीची अर्धी ओळ रिकामी पडते.

दिवाळी अंकात प्रकरणाखाली पंचवीस शब्दांच्या वर देऊ नका, संपादक खालूनच कापतात, आणि तुमचा विनोद नेमका खाली आहे. तिथे फक्त शेवटची दोन वाक्यं आणि नाव द्या.

आता खरा धोका. "गिऱ्हा" मधला ऱ. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी टंकला जातो : एक नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतताना किंवा जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेताना ते न दिसणारं चिन्ह गळतं, आणि ऱ्हा चा र्हा होतो. "गिर्हा" निदान चुकलेला दिसतो तरी. "दऱ्या" चं "दर्या" झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तोही शब्द आहे आणि तुमच्या पुस्तकात तो पानोपानी असणार. डोंगर आणि दर्या ओलांडून आलेला नायक छापून बाहेर पडतो. सगळीकडे नुक्त्याचा ऱ वापरा, फाइलमध्ये शोधा-बदला करून दुसरा प्रकार संपवा, आणि मांडणी झाल्यावर ऱ असलेले शब्द वेगळी यादी करून छापील मुद्रितात तपासा. पडद्यावर तपासलेलं धरू नका.

सड्यावरचा_सडाफटिंग

मजकूर पीडीएफ करून पाठवू की वर्ड फाइल? आणि फोटो मोबाईलवरचा चालेल?

खिळेजुळारी

वर्ड फाइल, युनिकोड. सोबत पीडीएफ द्या, पण ती फक्त ताडून बघण्यापुरती. पीडीएफमधून मजकूर उचलला की वेलांट्या मागेपुढे होतात.

फोटो मोबाईलचा चालेल. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे दीड इंच रुंद फोटोला किमान साडेचारशे ठिपक्यांची रुंदी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागे समुद्र घेणार असाल तर सूर्य पाठीशी नको, चेहरा काळा पडतो.

दांडीचो_तांडेल

आणि क्षितिज सरळ धर. दर्या वाकडो दिसलो तर आमी लोक आधी ताच बघतो.